कै. सौ. किशोरी

नाही, चूक काढून दाखवा ना! एक वेलांटी, एक उकार, एक अनुस्वार... अठ्ठ्याऐंशी पानांचं पुस्तक आहे, बावन्न कविता आहेत, घ्या हातात, भिंग घ्या हवं तर, आणि दाखवा मला कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय ते! नाही सापडणार. कारण प्रूफं मी तीनदा वाचली होती. एकदा स्क्रीनवर, एकदा कागदावर आणि एकदा दार लावून मोठ्याने, शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे पोथी लागलीय... आणि एवढं करून चुकलं काय? बाई चुकली हो, बाई! अख्खी बाई! मेलेली म्हणून छापली आणि जिवंत निघाली!

हसताय? हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर.

तुम्हाला सांगते, मी पद्मजा. नवीन पनवेलला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली म्हणजे तिरीप प्रकाशन. तिरीप प्रकाशन म्हणजे मी, एक टेबल, एक लॅपटॉप आणि दिवाणात, दिवाणाखाली, कपाटावर, फ्रिजवर... कवितासंग्रह. पाककृती नाहीत, स्पर्धा परीक्षा नाहीत, व्यक्तिमत्त्व विकास नाही. कविता! त्याही आजच्या, हल्ली लिहिणाऱ्यांच्या. वर्षाला तीन पुस्तकं, प्रत्येकाच्या तीनशे प्रती. लोक विचारतात, "खपतात का हो?" मयताला गेल्यावर विचारतं का कुणी, "काय, बरं आहे ना?" आमचे हे, सत्यजीत, ते तर म्हणतात, "पद्मजा, अगं घरी पाहुणा आला तर झोपवायचा कुठे?" मी म्हटलं, झोपवा कवितेवर, सगळा महाराष्ट्र झोपतो!

तर या दीनानाथ उकिडव्यांनी मला फोन केला. तळोज्याला एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहेत, वय बावन्न-त्रेपन्न, बोटं कायम पिवळट, आणि आवाज इतका हळू की समोर बसून ऐकतानाही वाटावं, शेजारच्या घरातून येतोय. मग घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले, पिशवीतून फाईल काढली आणि म्हणाले, "मॅडम, थोडंसं लिहिलंय. मिसेसवर. त्या नाहीत आता."

आता मला सांगा! "त्या नाहीत आता" म्हटल्यावर मराठी माणूस काय समजतो? बाजारात गेल्यात असं समजतो? मी आपला चेहरा पाडला, "अरेरे" म्हटलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि फाईल उघडली.

आणि इथेच तर घात आहे हो... कविता चांगल्या होत्या. वाईट असत्या ना, तर मी तिथल्या तिथे "कळवते" म्हणून वाटेला लावलं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं! पण पहिल्याच पानावर,

ताटाशेजारी दोन भांडी पाणी ठेवतो
एक मी पितो
एक वाळत जातं

मी गॅसपाशी उभी राहून वाचत होते, दूध उतू गेलं, शेगडीखालून ओट्यावर, ओट्यावरून पायावर, आणि मला कळलं नाही. बावन्नच्या बावन्न कविता बायकोवर. सोडून गेलेल्या... म्हणजे मी वाचलं, जग सोडून गेलेल्या!

मुलगी रेवा. वीस वर्षांची, कॉलेजात शिकते. तिनेच सगळ्या कविता टाईप केल्या होत्या. सहा वर्षांची असताना आई गेली म्हणाली. किती शहाणी पोर! माझ्याशी जोडाक्षरांवरून भांडायची. अर्पणपत्रिकेत त्यांनी लिहून दिलं होतं, "कै. सौ. किशोरी हिस." मी विचारलं, "अहो, कै. आणि सौ. दोन्ही ठेवायचं?" तर खाली बघत म्हणाले, "सौभाग्यवतीच गेली ना ती, मॅडम." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी! मी त्या सौ.पुढचं टिंब नीट तपासलं, कै.पुढचंही तपासलं. टिंबं बरोबर होती!

प्रकाशन समारंभ केला एका शाळेच्या हॉलमध्ये. पंचेचाळीस माणसं! कवितेच्या कार्यक्रमाला पंचेचाळीस म्हणजे मोर्चा समजा. आणि कल्पना कुणाची? माझी! मुखपृष्ठावर त्यांनी दिलेला फोटो होता, उरणच्या धक्क्यावर उभी राहिलेली एक हसरी बाई, केस वाऱ्यावर, मागे होड्या. तो मी मोठा करून घेतला, स्टेजवर ठेवला, आणि निशिगंधाचा हार... मीच आणला, मीच घातला. समई लावली. दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायला लावलं सगळ्यांना, घड्याळ लावून! मग रेवाने अंगाईची कविता वाचली, आई रात्री कशी गुणगुणायची ती. हॉलमध्ये नाकं ओढल्याचा आवाज. सत्यजीतसुद्धा रडले हो, ते आमच्या लग्नातही... जाऊ दे.

पेपरात फोटो आला. आमच्या इथला छोटासा पेपर, पण आला. व्यासपीठ, कवी, मी, आणि मधोमध हारातली ती.

आठव्या दिवशी, दुपारी तीनला, बेल. दारात एक बाई. बेचाळीस-त्रेचाळीसची, उंच, पदर खोचलेला, हाताला हळद. जिने चढून आलेली, पण दम लागलेला नाही.

"पद्मजाताई इथंच ऱ्हातात काय?"

"मीच. आपण?"

"मी किशोरी."

"कोण किशोरी?"

"तुमी हार घातलात ती."

खोटं नाही सांगत, मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं! एमए मराठी आहे मी, पण त्या क्षणी पावलं उलटी आहेत का बघितली. सरळ होती. चपला होत्या. चेहरा मात्र तोच. मुखपृष्ठाचा रंग पंधरा वेळा बदलून घेतला होता मी, तो चेहरा मला पाठ होता. आणि प्रूफं मी तीनदा वाचली होती!

आत घेतलं. सोफ्यावरचे तीन कवी बाजूला केले आणि तिला बसवलं. ती म्हणाली, "कोन गावाला हायवेच्या कडंला माझी खानावळ हाय. मासळीची. काल हरेश आला जेवायला, टेम्पो चालवतो, रोजचा हाय. मोबाईल पुढं केलान नि म्हणतो, मावशी, ह्यो तुमचा फोटो काय? हार घातलाय तुमाला. मी बघितला. माझाच. तवापासनं चार गिऱ्हाइकं येऊन पाया पडून गेली. एक तर अर्धी थाळी टाकून पळाला."

मला हसू फुटलं. फुटलं हो, काय करू! तीही हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "ताई, मी काय केलंय म्हून मला मारलीत?"

 मी म्हटलं, ते म्हणाले, त्या नाहीत आता. ती म्हणाली, "पुस्तक बघू."

दिलं. आणि ती वाचायला लागली. पहिल्या पानापासून. शब्दाखाली बोट ठेवून, हळूहळू, ओठ हलवत. मी समोर बसले होते. आजवर दोन डझन पुस्तकं काढली मी, कवितेचं पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि कुठून तरी सुटका व्हावी म्हणून मी देवाचा धावा करत होते!

बाराव्या पानावर बोट थांबलं. तिथे ओळ आहे, "तू दारही न वाजवता गेलीस." समीक्षक या ओळीवर फार बोलले होते समारंभात, मृत्यूचं निःशब्द येणं वगैरे. ती म्हणाली, "दार न वाजवता? दोन तास वाजवलं वो!"

मग कळलं. लग्न प्रेमाचं. हा उकिडव्यांचा मुलगा, तेव्हा उरणलाच राहणारा. ही तिथल्याच करंजा बंदरातली, बापाची मासेमारीची होडी. सासूबाईंना घरात मासळीचं नावही नको, तरी सात वर्षं काढली. मग बापाला अर्धांगवायू झाला, ही त्याच्या जागी बाजारात टोपली घेऊन बसायला लागली. "सासू म्हणाली, तो वास घेऊन ह्या घरात यायचं नाय. मी रोज बाहेरच आंघोळ करून आत जायची. एक दिवस आले तर दार बंद. आतनं. सासूचा आवाज येत होता, रेवाचा येत होता. हा पण आतच होता ताई, ह्याची चप्पल होती दारात. दोन तास वाजवलं. मग गेले बापाकडं, म्हटलं उद्या येईन. दुसऱ्या दिवशी गेले तवा पोर शाळेत हाय म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले तवा सहलीला. पंधरा दिवसांनी गेले तर घरालाच कुलूप, शेजारी म्हणाले वापीला बदली झाली, गुजरातला."

वापी! चौदा वर्षं तळोज्याला राहतोय हो तो माणूस! कोनपासून रिक्षाने अर्धा तास!

ती पुन्हा वाचायला लागली. रागावली नव्हती. काही ठिकाणी मान हलवत होती, म्हणजे हे खरं आहे, असं घडलं होतं. एका ठिकाणी तर लाजली, तुम्हाला सांगते! मला वाटलं, निभावलं. चहा टाकायला उठणार, तेवढ्यात चौतिसावं पान आलं.

मुलगी विचारते, यातला आईचा तारा कुठला
मी बोट दाखवतो
तो विमानाचा दिवा निघतो

बोट तिथेच राहिलं.  फ्रिज सुरू झाला, बंद झाला.

"म्हंजे... रेवाला सांगितलंय? मी मेले म्हून?"

आणि मला तेव्हा उमगलं, की बाईला हे माहीतच नव्हतं. ती फोटोवरून भांडायला आली होती. तिला वाटत होतं नवऱ्याने लोकांत मिरवायला मारलं. पोरीला... नाही.

"मला वाटायचं पोर रुसलीय माझ्यावर," ती म्हणाली. "ह्याचा आत्येभाऊ हाय उरणला. दर वाढदिवसाला त्याच्याकडं फ्रॉक द्यायची, अंदाजानं माप घेऊन. तो म्हणायचा, पोचला, पन तिला तुझ्याशी बोलायचं नाय. चौदा दिले. मोठी झाली तसे ड्रेस दिले. मी म्हणायची, एवढा राग? आपण काय केलं एवढं?"

रडली नाही. पुस्तक मिटलं, आणि मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघत राहिली, जशी काही ती दुसरी कोणी होती.

आणि मी काय बोलले असेन? माझ्या तोंडून काय निघालं? मी म्हणाले, "मी शुद्धिपत्र लावते." शुद्धिपत्र! पुस्तकात चुका राहिल्या की आम्ही एक चिठ्ठी डकवतो, अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे. तिला समजावून सांगितलं. आणि सांगतानाच डोक्यात मजकूर तयार होत होता, सवयच ती मेली... पान पाच, "कै." वाचू नये. पान बारा, "दारही न वाजवता"ऐवजी "दोन तास वाजवून" वाचावे. पान चौतीस...

ती म्हणाली, "तो कागूद आधी रेवाला लावा."

दुसऱ्या दिवशी दीनानाथांना बोलावलं. आले, पेढे घेऊन! त्यांना वाटलं पुरस्कार लागला. मी म्हटलं, "काल किशोरी येऊन गेल्या." खुर्चीच्या काठावरून खाली पडायचेच बाकी होते. बराच वेळ पेढ्यांच्या पुडक्याची दोरी सोडत राहिले आणि मग म्हणाले, "कशी आहे?"

मी ओरडले. मी कवींवर कधी ओरडत नाही, आधीच ते दुखावलेले असतात. पण ओरडले. "जिवंत आहे! छापील मजकुराच्या विरुद्ध!"

तर ते त्याच शेजारच्या घरातल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, रेवा रोज विचारायची. रोज, झोपताना. आई कधी येणार? महिना झाला, दोन महिने झाले. आईने माझ्या दार उघडू दिलं नाही, आणि मी उघडलं नाही, हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? एका रात्री तोंडातून निघून गेलं, देवाघरी गेली. ती रडली आणि झोपली. पहिल्यांदा शांत झोपली. मग कसं परत घेणार? माझी आई गेल्यावर सांगू म्हटलं, ती गेली, तरी नाही जमलं." आणि मग थांबून म्हणाले, "तुम्हाला खरं वाटणार नाही. जिवंत होती तोवर मला तिचा नुसता राग होता. मेली म्हटल्यावर आठवण यायला लागली. कविता त्यानंतरच्या आहेत. कवितेत खोटं नाहीये, मॅडम."

  मला त्या माणसाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी वाटत होतं, हे वाक्य मलपृष्ठावर काय शोभलं असतं! असला आमचा धंदा.

मी म्हटलं, "आज घरी जाऊन रेवाला सांगा." तर नाही म्हणाले. मान खाली. "तुम्ही सांगा. प्रकाशित करणं तुमचं काम."

घ्या!

रेवाला बोलावलं. ती बिचारी उरलेल्या प्रती न्यायला रिकामी सॅक घेऊन आली. मी तीन दिवस वाक्यं घोकत होते, एकही आठवलं नाही. सरळ सांगितलं. आई आहे. कोनला आहे. खानावळ चालवते. दार बंद होतं, तिने वाजवलं होतं, तुझ्यासाठी कपडे पाठवत होती.

पोरीने सॅक खाली ठेवली.  मग म्हणाली, "मावशी, मी दोन मिनिटं उभी राहिले होते. सगळ्यांबरोबर." एवढंच. मग सॅक उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. "सगळ्या कविता मी टाईप केल्यात. एक एक अक्षर." मी म्हटलं, बाळा, आणि प्रूफं मी तीनदा वाचलीयत. आणि मग आम्ही दोघी रडलो, ती आईसाठी, मी... माझं सोडा.

रविवारी गेलो कोनला. रेवा, मी आणि रिक्षावाला. दुपारी साडेबारा, म्हणजे खानावळीत ऐन गर्दी. कंटेनरवाले, टेम्पोवाले, कंपनीतली पहिली पाळी सुटायच्या आधी पार्सल न्यायला आलेले... आणि मधोमध किशोरी, हातात परात, "दोन भाकरी तिकडं! ए, कालवण कुनाला? बसा वो, बसा, खुर्ची काय पळून जात नाय!" असा आवाज! आणि आम्हाला बघितलं. परात खाली ठेवली. पुन्हा उचलली, कारण चौदा माणसं जेवत होती. मिठी नाही, किंकाळी नाही, काही नाही. कोपऱ्यातलं टेबल फडक्याने पुसलं, तीनदा पुसलं, आणि म्हणाली, "बस, बाय."

आणि ताट आणून ठेवलं. सुरमई. तळलेली, सगळ्यांत मोठा तुकडा. रेवाने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उकिडव्यांच्या घरात वाढलेली पोर, मासळी कधी बोटाने शिवली नव्हती तिने. वासानेच तोंड कसंनुसं झालं तिचं. लपवलं, पण आईने बघायचं ते बघितलं. काही न बोलता तुकडा उचलला, माझ्या ताटात ठेवला, तिला भाकरी आणि सोलकढी दिली. वासावरून एकदा दार बंद झालेलं बघितलेल्या बाईच्या तोंडावर काय दिसलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. मला सांगता येणार नाही.

गर्दी ओसरल्यावर बसली समोर. हात पुसत राहिली.

रेवा म्हणाली, "तू मोठ्याने बोलतेस. कवितेत तू हळू बोलतेस."

"ह्या रस्त्याला हळू बोललेलं कुनाला ऐकू जात नाय, बाय." मग विचारलं, "माझं काय आठवतं काय तुला?"

रेवा म्हणाली, "खूप. पण... त्यातलं माझं कुठलं आणि बाबांनी लिहिलेलं कुठलं, तेच कळत नाहीये."

"ती अंगाई हाय ना पुस्तकात," किशोरी हळूच म्हणाली. त्या रस्त्यावरही ऐकू आलं. "ती मी नाय म्हटली कदी. मला गाता येत नाय. तुझी आजी म्हणायची ती, बाबाची आई."

रेवाने भाकरीचा तुकडा मोडला. पुन्हा मोडला. त्याचा भुगा झाला. "पण मला ती तुझ्या आवाजात ऐकू येते," ती म्हणाली. "चौदा वर्षं येतेय. आता काय करू?"

मी सुरमई खाल्ली. तुम्हाला सांगते, दोघींच्यामध्ये बसून, मान खाली घालून, काट्यासकट खाल्ली. दुसरं काय करणार होते? तिथे काही डकवता येण्यासारखं नव्हतं.

शुद्धिपत्र राहूनच गेलं. दीनानाथांनी तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. लेक त्यांच्याशी मोजकं बोलते, चहा हवा का, पंखा बंद करू का. रेवा दर रविवारी कोनला जाते. जाते आणि तणतणत परत येते. आई हे का बोलली, ते का बोलली, माझ्या केसांवरून का बोलली, परीक्षेचं का विचारलं नाही, विचारलं तर का विचारलं! मग मला फोन, तास-तास.

परवा किशोरीचाच फोन आला. म्हणाली, "ताई, पोर मोठ्ठं भांडून गेली. दार आपटून. चार दिवस झाले, फोन उचलत नाय." मी हळहळले. म्हटलं, किशोरी, वाईट वाटून घेऊ नका, मी समजावते तिला. तर मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय, ट्रक हॉर्न मारतोय, आणि ही बाई काय म्हणते?

"नाय वो, समजावू नका. भांडू द्या. मेलेल्या बाईशी कोन भांडतं?"